बटण चालू केलं होतंस का?

फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो आणि सकाळी बघावं तर अकरा टक्के. पिन बोर्डात आहे, वायर फोनात आहे आणि बटण वर, म्हणजे बंद. असं झालं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "बटण चालू केलं होतंस का?" या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

बटण चालू असलंच, तर पिन सैल असते. चार्जर बोर्डात असतो खरा, पण मान खाली घालून. बोटाने जरा वर दाबला की फोन "टुंग" करतो, बोट काढलं की पुन्हा "टुंग". मग टेकूची शोधाशोध सुरू होते. आमच्या हॉलमधल्या चार्जरखाली बरेच दिवस एका लग्नाच्या पत्रिकेची घडी होती. जाड, सोनेरी कागदाची पत्रिका. मुलाकडच्यांनी खर्च केला होता. त्या जोडप्याला आता शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि पत्रिका परवापरवापर्यंत आमच्या बोर्डात सेवा देत होती. बेडरूममध्ये हेच काम उशी करते. एक्स्टेन्शन बोर्डाला टेकू चालत नाही, तो आडवा ठेवावा लागतो, आणि आडवा ठेवला की त्यावर कुणीतरी पाय देतं.

मी याचा छडा लावायचं ठरवलं. चार्जर घेतला त्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, माल ओरिजिनल आहे. तुमचा बोर्ड ढिला असणार." वायरमनला बोलावलं तर त्याने टेस्टर लावून बघितला, थ्री-पिन घालून बघितली आणि म्हणाला, "ताई, पॉइंट एकदम टकाटक आहे. चार्जरची पिनच बारीक आहे." दोघांनीही आपापल्या परीने खरं सांगितलं होतं, हे मला नंतर थोडं वाचल्यावर कळलं.

आपल्या भिंतीतली ती गोल भोकं इंग्रजांकडून आलेली. तिकडे बीएस 546 नावाचं मानक 1934 साली निघालं, त्यातला पाच अँपिअरचा गोल पिनांचा प्लग आपण घेतला. पुढे 1947 साली, म्हणजे इकडून गाशा गुंडाळला त्याच वर्षी, त्यांनी स्वतःच्या घरांसाठी चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग ठरवून टाकला. गोल पिना आपल्याकडे राहिल्या त्या राहिल्याच. या पाच अँपिअरच्या प्लगच्या दोन पिना साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या. आणि फोनचा चार्जर? त्याच्या पिना बहुतेक वेळा युरोपातल्या बारीक प्लगच्या मापाच्या, चार मिलिमीटरच्या. तो प्लग मुळात अडीच अँपिअरपुरत्या किरकोळ वस्तूंसाठी केलेला आहे.

आता गोम अशी, की दोन पिनांमधलं अंतर दोन्हीकडे सारखंच आहे, सुमारे 19 मिलिमीटर. अंतर जुळतं, जाडी जुळत नाही. त्यामुळे चार्जर आत तर जातो, पण टिकत नाही. अंतरही जुळलं नसतं तर एका परीने बरं झालं असतं. पिन आत गेलीच नसती, लोकांनी बोंब मारली असती आणि कुणीतरी बसून सोक्षमोक्ष लावला असता. थोडंसं जुळणाऱ्या गोष्टींविरुद्ध तक्रार करता येत नाही. नव्या बोर्डात आतल्या पितळी पट्ट्या बारीक पिनेलाही धरून ठेवतात. मग रोज इस्त्रीची जाड पिन आत-बाहेर होते, पट्ट्या फाकतात आणि वर्षा-दीड वर्षाने चार्जरची मान पडते.

माझा राग तसा चार्जरवर नाही आणि बोर्डावरही नाही. दोन वस्तू जिथे भेटतात तो सांधा कुणाच्याच मालकीचा नाही, यावर आहे. चार्जरवाला पिनेच्या टोकापर्यंत जबाबदार, बोर्डवाला भोकाच्या तोंडापर्यंत, बिल्डर ताबा देईपर्यंत आणि वीज कंपनी मीटरपर्यंत. मधल्या एक मिलिमीटरला वाली नाही, तिथे लग्नपत्रिका लागते. बँकेचा ओटीपी येत नाही तेव्हा तरी काय होतं? बँक सांगते आम्ही पाठवला, सिमकार्डवाले सांगतात आमचं नेटवर्क फुल आहे. दोघांच्या पडद्यावर हिरवी खूण असते आणि आपण तीस सेकंदांचं उलटं घड्याळ बघत बसतो. ऑफिसातही तेच. आपला आवाज आपल्याला येतोय, त्यांचा त्यांना येतोय, आणि मीटिंगचा निम्मा वेळ "ऐकू येतंय का?" यात जातो.

पण बोर्डाकडे परत येते, कारण खरी मजा स्वयंपाकघरात आहे.

फ्लॅट बांधणाऱ्याच्या मनात स्वयंपाकघराचं जे चित्र असतं त्यात एक मिक्सर आणि एक फ्रिज असतो. त्यानुसार ओट्यावर एक छोटा पॉइंट आणि एक मोठा, म्हणजे ज्याला आपण "पॉवर पॉइंट" म्हणतो तो. पूर्वी पाच आणि पंधरा अँपिअर म्हणायचे, आता प्लेटवर सहा आणि सोळा छापलेलं असतं; वायरमन मात्र पाच-पंधराच म्हणतो. आता ओट्यावर मायक्रोवेव्ह आला, इंडक्शन आलं, इलेक्ट्रिक किटली आली आणि गेल्या दिवाळीपासून एअर फ्रायर. यातल्या बहुतेकांच्या शेपट्या जाड, पिना जाड. मोठा पॉइंट एकच. सकाळी त्या एका पॉइंटसाठी जी पाळी लागते तशी पूर्वी चाळीत नळावर लागत असेल.

यावर बाजाराने उत्तर काढलं आहे: मोठी पिन छोट्या भोकात घालून देणारा कन्व्हर्टर. पांढरा, हलका, हातात घेतला तर खुळखुळा वाजतो. छोटा पॉइंट सहा अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला हिशेबाने 1380 वॅटपुरता. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. मोठ्या वस्तूला मोठी पिन दिली ती छोट्या भोकात जाऊच नये म्हणून, आणि आपण पन्नास-शंभर रुपये देऊन तेवढीच अडचण दूर करतो. कन्व्हर्टर आधी पिवळा पडतो, मग कडेने तपकिरी होतो, मग स्वयंपाकघरात एक जळका वास येतो आणि सगळे आधी कुकरकडे बघतात.

थ्री-पिनमधली तिसरी पिन, अर्थिंगची, ही त्या मानाने फार समंजसपणे घडवलेली वस्तू आहे. ती बाकी दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे आत जाताना सगळ्यांत आधी टेकते आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटते. जाड असते, म्हणून चुकून फेजच्या, म्हणजे वीज येते त्या भोकात जाऊ शकत नाही. काही सॉकेटांत फेज-न्यूट्रलच्या तोंडाशी छोटे पडदे असतात, ते तिच्याच रेट्याने उघडतात. एवढा विचार कुणीतरी केला. आणि आपण काय करतो? टू-पिन आत जात नाही म्हणून वरच्या भोकात पेनाचं टोपण, आइस्क्रीमची काडी, नाहीतर पेन्सिल खुपसून तो पडदा उघडतो. इंजिनिअर झालेली माणसंही हे करतात. मी तर म्हणेन तीच जास्त करतात.

माझ्या लहानपणी लाकडी बोर्ड असायचे, त्यावर काळी गोल बटणं. तेव्हा प्लगची भानगडच नसायची. गणपतीच्या माळेच्या दोन उघड्या वायरी दातांनी सोलायच्या, भोकांत घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायच्या. गुलाचं टोक बाहेर. हे काम शेजारचे एक काका करत, पायात रबरी चप्पल घालून, आणि आम्हा मुलांना "लांब व्हा रे" म्हणून स्वतः डोळे किलकिले करत. आजही एखाद्या मांडवामागे जाऊन बघा, काड्या दिसतील. आणि एक पक्का नियम आहे: काडीने बसवलेली वायर कधी निसटत नाही.

बटणाचा प्रश्न वेगळा. सॉकेटशेजारी बटण असणं ही सगळ्या जगाची रीत नाही. भाचा अमेरिकेत वाढलेला. तो आला की दोन बाबतीत गोंधळतो. तिकडे सॉकेटला बहुधा बटण नसतं. पिन खोचली की काम सुरू. आणि दिव्याचं बटण वर म्हणजे चालू. इथे खाली म्हणजे चालू. पहिल्या रात्री त्याने फोन लावला, बटण वर आहे ना ते बघितलं आणि समाधानाने झोपला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, येताना तिकडचं एक भात शिजवायचं यंत्र आणलं होतं, माझ्यासाठी, मोठ्या हौसेने. ते 120 व्होल्टचं. आपण लावण्याआधी खालचं बारीक लेबल वाचलं म्हणून ते वाचलं. आता त्यात कांदे असतात. फोनच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरवर मात्र 100 ते 240 असं छापलेलं असतं, ते कुठेही चालतात. जगभरची वीज पचवतील, फक्त भिंतीत उभे राहणार नाहीत.

आमच्याकडे बटणावर बाबांची सत्ता आहे. रात्री साडेदहाला त्यांची गस्त सुरू होते. हॉल, पॅसेज, बेडरूम. खट्, खट्, खट्. "रिकाम्या पॉइंटचं बटण चालू कशाला?" मी म्हणते, "बाबा, नुसत्या बटणाने वीज जात नाही हो." ते म्हणतात, "चार्जर लोंबतोय ना त्याला." यात ते अगदीच चूक नाहीत. नुसता लावून ठेवलेला चार्जर थोडी वीज खातो. पण चांगला चार्जर असेल तर वर्षभरात जेमतेम एखादं युनिट. सेट टॉप बॉक्सच्या बाबतीत मात्र बाबांचा मुद्दा बिनतोड. तो बंद दिसत असतानाही बरीच वीज ओढत बसतो. अडचण इतकीच की गस्तीत वाय-फायचं बटणही पडतं, आणि मुलगा त्याच वेळी कसली तरी परीक्षा ऑनलाइन सबमिट करत असतो. मग मुलाने बटणावर कागद चिकटवला: "आजोबा, हे नको." बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि शेजारचं बंद केलं. ते फ्रिजचं होतं.

वाय-फायच्या अडॅप्टरबद्दल एक बोलायलाच हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर चार जागा असतात असं नुसतं म्हणायचं. हा काळा ठोकळा एका जागेवर पिन लावतो आणि लोकलच्या बाकावर ऐसपैस बसलेल्या माणसागत शेजारची जागाही अडवतो. त्याला "जरा सरकता का" म्हणायची सोय नाही. चार जागांच्या बोर्डावर दोन अडॅप्टर बसले की बोर्ड भरला. मग त्या एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन, आणि पहिल्याची वायर टेबलामागून जिथून जाते तिथे झाडू पोचत नाही.

घरून काम सुरू झालं तेव्हापासून मी माणसं ओळखते ती त्यांच्या पॉइंटवरून. एक सहकारी कायम खिडकीशी तिरका बसलेला दिसायचा. मला वाटायचं प्रकाशासाठी. वायर तेवढीच पोचत होती. हॉटेलात खोली मिळाली की मी आता बाथरूम बघत नाही, पलंगामागे हात घालते. पॉइंट पलंगाच्या मागेच असतो, नाहीतर टीव्हीच्या, आणि टीव्हीची पिन काढल्याशिवाय आपली जात नाही. रेल्वेतही डब्यातला पॉइंट नेमका सैल. पिन हाताने धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आळीपाळीने, जोडीने प्रवास करणारी. त्यात 2021 साली बातमी आली की आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवणार. लोक चिडले. मला त्या माणसांची आठवण झाली. निदान रात्री झोपतील तरी.

शेवटी मीच हट्ट धरला आणि हॉलमधली अख्खी प्लेट बदलून घेतली. वायरमन नवी, चांगल्यातली घेऊन आला. "ताई, आता हलणार नाही." चार्जर लावला. ताठ उभा. लग्नपत्रिका काढून रद्दीत टाकली. सगळ्यांनी येऊन बघितलं, बाबांनी बटण दोनदा चालू-बंद करून पाहिलं. संध्याकाळी इस्त्रीची पिन घातली, ती जोर लावून गेली. काढायला लागले तर निघेना. मुलगा आला, त्याने एक हात भिंतीला लावून ओढली, तेव्हा पिनेबरोबर प्लेटही अर्धा इंच बाहेर आली, आणि भिंतीतली थोडी पुट्टी सोफ्यावर.

वायरमनला फोन केला. तो पलीकडून थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्हालाच घट्ट पाहिजे होतं ना?"