दोन सर्व्हर घेतले, तरी साइट पडली

आमचं ऑफिस सांगलीत, माणसं सहा. कॉलेजांचे प्रवेशअर्ज आणि निकाल ऑनलाइन करून देतो. आधी सगळा कारभार ऑफिसातल्या एका मशीनवर, इन्व्हर्टरच्या भरवशावर चालायचा. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनचा क्लाउड मुंबईत आला, तसे तिकडे गेलो. गेलो ते मात्र एकाच सर्व्हरनिशी! घर बदललं, सवयी त्याच.

पहिल्याच निकालाला तो सर्व्हर बसला. मग दोन घेतले, त्यांच्यापुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं काम सर्व्हरांत वाटून देणारा प्रोग्रॅम, लावला. आता मुलं अर्धा अर्ज भरून 'पुढे' दाबायची आणि परत लॉगिनच्या पानावर यायची. सेशन, म्हणजे कोण लॉगिन झालंय याची नोंद, एका सर्व्हरच्या मेमरीत, पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे; त्याला हा मुलगा कोण, ठाऊकच नाही. सेशन रेडिसमध्ये, म्हणजे दोन्ही सर्व्हरांना दिसणाऱ्या सामायिक साठ्यात, हलवलं तेव्हा ते मिटलं.

खरा धडा हेल्थ चेकने दिला; म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का, ही बॅलन्सरची सततची तपासणी. ज्याच्याकडे कनेक्शनं कमी, त्याला पुढचं काम, अशी वाटणी लावली होती. एका सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला. हेल्थ चेक नुसतं साधं पान मागायचा, ते येत होतं, म्हणून सर्व्हर ठणठणीत. तो प्रत्येकाला क्षणात एरर देऊन मोकळा व्हायचा, त्यामुळे कायम रिकामा दिसायचा आणि लोड बॅलन्सर आणखी मुलं त्याच्याकडेच धाडायचा. कामचुकाराच्याच टेबलावर रांग! चिडून हेल्थ चेकमध्येच डेटाबेसची क्वेरी घातली. पुढच्या गर्दीत डेटाबेस काही सेकंद मंदावला आणि हेल्थ चेकच्या लेखी सगळेच सर्व्हर एकदम 'मेले'. आता डेटाबेसवर नजर वेगळी ठेवतो. हेल्थ चेक त्या सर्व्हरपुरतंच बघतो.

एवढं होऊनही दोन्ही सर्व्हर एकाच झोनमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरांच्या एकाच गटात होते, आणि एचएप्रॉक्सी एकटाच. तो पडला असता तर मागच्या दोघांचा काय उपयोग? आता सर्व्हर वेगवेगळ्या झोनमध्ये आहेत, बॅलन्सर अ‍ॅमेझॉनचाच, मुख्य डेटाबेसची जोडीदार प्रत दुसऱ्या झोनमध्ये. मुख्य डेटाबेस गेला तर ताबा बदलायला साधारण मिनिट-दोन मिनिटं लागतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. साइट ९९.९९ टक्के वेळ चालू हवी म्हणणारे भेटतात; म्हणजे वर्षात जेमतेम ५२ मिनिटं बंद. आम्ही ९९.९ लिहून देतो, पावणेनऊ तास. त्यापायी एक काम हातचं गेलं. जाऊ दे.

निकालाच्या आदल्या रात्री एक सर्व्हर मी मुद्दाम बंद करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा भागीदार मोबाइलवर पान रिफ्रेश करत बसला होता आणि दर वेळी म्हणत होता, "आलं."