पूर्ण मास्क झालेली रांग आणि नॅन: ओपन सोर्स दुरुस्तीची प्रगती

सध्या हातात असलेलं काम असं: भाषा मॉडेलच्या अटेन्शनमध्ये (प्रत्येक टोकनने, म्हणजे मजकुराच्या तुकड्याने, बाकीच्यांकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवणारा भाग) स्कोरची एखादी रांग पूर्ण मास्क झाली, म्हणजे तिच्यातल्या सगळ्याच टोकनकडे बघायला बंदी आली, की आउटपुटमध्ये नॅन ('हा आकडाच नाही' अशी किंमत) येतो, तो थांबवायचा. प्रत्यक्ष दुरुस्ती कोडच्या पाच-सहा ओळींची. वेळ जातो तो टेस्ट लिहिण्यात.

नॅन का येतो? फ्लोट३२ (३२ बिटांत साठवलेला दशांश आकडा) मध्ये ८८.७ च्या वरच्या आकड्याचा एक्स्पोनेन्शियल मावत नाही, फ्लोट१६ मध्ये तर ११.१ च्या आतच मर्यादा संपते. म्हणून सॉफ्टमॅक्स (स्कोरचे एक्स्पोनेन्शियल घेऊन बेरीज १ येईल अशी वजनं काढणारं सूत्र) आधी रांगेतली कमाल किंमत वजा करतो. मास्क केलेल्या जागी मायनस इन्फिनिटी भरलेली असते. पण सगळी रांगच मायनस इन्फिनिटी असेल तर कमालही तीच, आणि मायनस इन्फिनिटीतून मायनस इन्फिनिटी वजा केली की नॅन. डावीकडून पॅडिंग (लांबी सारखी करायला भरलेले रिकामे टोकन) आणि सोबत कॉझल मास्क (पुढचे टोकन झाकणारा) असेल तर सुरुवातीच्या पॅड टोकनना बघायला काहीच उरत नाही. तिथे हे हमखास होतं.

इन्फिनिटीऐवजी टाइपची किमान किंमत भरायची, हा नेहमीचा तोडगा. तो मला पटत नाही. फ्लोट१६ मध्ये ती किंमत -६५५०४. त्यात -१६ चा स्कोर मिळवला तरी उत्तर पुन्हा मायनस इन्फिनिटीच. इन्फिनिटी टळली तरी मास्क केलेल्या टोकनना वजन मिळतं, आणि चूक गुपचूप पुढे जाते. नॅन निदान दिसतो तरी.

सॉफ्टमॅक्सनंतर त्या रांगेत शून्य भरलं तर फॉरवर्ड (आउटपुट काढणं) बरोबर येतो, बॅकवर्ड (ग्रेडियंट, म्हणजे मॉडेलला शिकवायला लागणारे उतार, काढणं) मात्र बिघडतो. ग्रेडियंटच्या सूत्रात सॉफ्टमॅक्सचं मूळ आउटपुट गुणलं जातं, आणि शून्य गुणिले नॅन म्हणजे नॅनच. म्हणून दोन पायऱ्या लागतात: सॉफ्टमॅक्सच्या आधी त्या रांगेत शून्य भरायचं, नंतर तिचं आउटपुट पुन्हा शून्य करायचं. त्यामुळे नॅन मुळात तयारच होत नाही.

टेस्टमध्ये चार प्रसंग घेतले आहेत: मास्क नाही, अर्धवट मास्क, एक रांग पूर्ण, सगळ्या रांगा पूर्ण. प्रत्येकात आउटपुट आणि ग्रेडियंट दोन्ही तपासायचे. पायटॉर्च या लायब्ररीचा ग्रॅडचेक (ग्रेडियंट बरोबर आहेत का ते तपासणारं फंक्शन) फक्त फ्लोट६४ वर चालवा. तो इनपुट ०.०००००१ ने हलवून फरक मोजतो, फ्लोट३२ मध्ये तो फरक राउंडिंगमध्येच बुडतो. बीफ्लोट१६ (१६ बिटांचा दुसरा प्रकार) ला मँटिसाचे, म्हणजे आकड्याच्या अचूकतेचे, ७ च बिट, म्हणजे १ च्या पुढची पायरी १/१२८. तिथे ०.००००१ चा टॉलरन्स (चालेल इतका फरक) ठेवला तर टेस्ट विनाकारण पडेल.

नवी टेस्ट आधी जुन्या कोडवर चालवून पडते का ते बघाच, आणि ते पडलेलं आउटपुट पुल रिक्वेस्टच्या (मूळ प्रकल्पात बदल घेण्याची विनंती) वर्णनात चिकटवा. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, पहिलं तेच हवं असतं. नोकरीच्या अर्जातही अशी एक लिंक, रिव्ह्यूतल्या चर्चेसकट, वीस फोर्क केलेल्या (नुसत्या आपल्या खात्यात कॉपी करून घेतलेल्या) रेपोंपेक्षा जास्त सांगते. फॉरमॅटिंगचे बदल मात्र वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये टाका. दोन्ही एकत्र आले की रिव्ह्यू रखडतो.

आता उरलंय ते वेग मोजणं. जीपीयूवरची कामं असिंक्रोनस चालतात, म्हणजे प्रोग्राम ती संपायची वाट न बघता पुढे जातो. त्यामुळे आधी काही फेऱ्या वॉर्म-अप, आणि घड्याळ सुरू व बंद करण्याआधी सिंक्रोनाइझ (सगळी कामं संपेपर्यंत थांबणं), नाहीतर फक्त कर्नल (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) क्यूमध्ये लावायचा वेळ मोजला जातो. त्यानंतर फ्यूज्ड कर्नल (अटेन्शनच्या सगळ्या पायऱ्या एकाच कर्नलमध्ये). तिथे हीच तपासणी कर्नलच्या आत करावी लागेल.