रेंज शेवटच्या आधीच संपते

प्रोग्रामिंग शिकायला ऑनलाइन कोर्स चालू केला जानेवारीत. आंब्याची कलमं मोहोरली होती आणि मला वाटलं आता दोन महिने तसं काही काम नाही (हे बाबांसमोर बोलले असते तर फवारणीचा पंप पाठीवर देऊन हाकललं असतं). कोर्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, तुमच्या वेगाने शिका. मार्चमध्ये पेट्या भरायला घेतल्या आणि माझा वेग शून्य झाला. मे संपला तेव्हा कोर्स १२ टक्क्यांवर तसाच होता. कोणी ओरडलं नाही, कोणी नापास केलं नाही, आणि मला विचाराल तर या अशा कोर्सचा घोळ तोच आहे.

शेवटचा आंबा कॅनिंगला गेला, पाऊस लागला, मग खरी सुरुवात. देवगडच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको, घरात रेंज नसते, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर जावं लागतं. म्हणून मी छत्री घेऊन सड्यावर जायचे, आठवडाभराचे व्हिडिओ डाऊनलोड करायचे आणि घरी पडवीत बसून बघायचे, लाईट असेल तोवर. आधी हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स उघडला होता, फुकट आहे, शिकवणारा डेव्हिड मेलन जबरदस्त बोलतो, पण पहिल्या आठवड्याला आठवडा शून्य म्हणतात आणि पुढच्याच आठवड्यात सी भाषा आली, तिथून मी पळाले. मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. अजगराशी काही संबंध नाही, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून नाव ठेवलंय. आमच्यासारख्यांसाठी एक सांगते, ब्राउझरमधल्या एडिटरवर (जिथे प्रोग्राम लिहायचा तो) बसू नका, पायथन लॅपटॉपवर टाकून घ्या, सोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतो आणि नेट नसलं तरी सगळं चालतं.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं. व्हिडिओ बंद केला की काही येत नाही. कोर्समधली उदाहरणं पिझ्झा आणि सिनेमाच्या तिकिटांची, त्यात माझं मनच लागेना. शेवटी म्हटलं आपल्या पेट्याच घालूया. किती पेट्या ते विचारायचं, पाचने गुणायचं (आमची पेटी पाच डझनी), एकूण डझन सांगायचे. तीन ओळींचा प्रोग्राम, मी ४० टाकले आणि उत्तर आलं ४०४०४०४०४०. म्हणजे ४०४ कोटी ४ लाख ४ हजार ४० डझन. बाबा मागून बघत होते, म्हणाले, "गो, इतके आंबे ठेवतलव खय?"

कारण नंतर कळलं. इनपुटमधून जे येतं ते पायथनसाठी आकडा नसतोच, नुसती अक्षरं असतात, आणि अक्षरांना पाचने गुणलं की तो ती पाच वेळा लिहून मोकळा होतो. त्याला इंट नावाच्या फंक्शनमध्ये घालून आधी आकडा करावा लागतो. गंमत म्हणजे बाबांनी त्यांच्या सवयीने मराठी कीबोर्डवरून मराठीत ४० टाकले, तेही इंटने मुकाट्याने घेतले आणि बरोबर २०० डझन सांगितले. पण तेच मराठी ४० प्रोग्रामच्या ओळीत लिहिलं तर सिंटॅक्स एरर, म्हणजे हे असं लिहिलेलं चालत नाही. कोर्समध्ये हे कुठेच नव्हतं, असणार तरी कसं.

मग पेट्यांवर लावायला १ ते ४० नंबर छापायचे ठरवलं. ओळीने आकडे देणारं रेंज नावाचं फंक्शन असतं, त्यात रेंज १, ४० असं लिहिलं आणि चिठ्ठ्या आल्या ३९. पायथनची रेंजपण आमच्या रेंजसारखीच, शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही! पहिला आकडा धरतो, शेवटचा सोडतो, म्हणून ४१ लिहायचं. आधी मूर्खपणा वाटला, पण ४१ वजा १ बरोबर ४०, म्हणजे वजाबाकी केली की किती चिठ्ठ्या ते लगेच कळतं. मला पटायला दोन दिवस लागले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी नसत्या उद्योगात घालवला. हापूस हा शब्द दिला आणि लांबी विचारली. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, त्याने सांगितलं ५. काना वेगळा मोजतो, ऊकार वेगळा मोजतो. रत्नागिरी तर ९, त्यात त्न मधला अदृश्य हलंतसुद्धा धरलाय. मग हापूस उलटा करून बघितला तर आला सूपाह! पचा ऊकार सला जाऊन चिकटला, हचा काना पला. त्या संध्याकाळी मी गावातली सगळी नावं उलटी केली आणि धडा एकही केला नाही. हाच माझा वेग.

आता ६१ टक्के झालंय. लूप, फंक्शन जमतं, डिक्शनरी अर्धवट जमते. गेल्या सीझनच्या वाशी मार्केटच्या १७ पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) काढल्या आणि एक प्रोग्राम लिहिला, पेट्या गुणिले दर, त्यातून दलाली, हमाली, गाडीभाडं वजा, आणि हातात काय यायला हवं ते. १५ बरोबर जुळल्या. एकीत चूक माझीच, हमाली दर पेटीला धरायची ती मी एकदाच धरली. दुसरीत ३२० रुपयांचा फरक येतोय आणि मी तीन रात्री शोधतेय, बग सापडत नाही. वाशीचं सगळं काका बघतात, ते गणपतीत गावी येतील तेव्हा ती पट्टी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. बाबा म्हणतात त्यांना आधी मोदक तरी खाऊ दे.