तिरीप

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये मी पाहुण्यांना चित्रं दाखवते. त्या दिवशीच्या पाहुण्यांची दृष्टी २० वर्षांपूर्वी गेलेली. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हाताने त्यांनी माझं कोपर धरलेलं. म्हणाले, "डोंगरांचं एखादं मोठं चित्र सांग."

मी त्यांना चित्रकार अल्बर्ट बिअरस्टाटच्या 'अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया'समोर नेलं. १८६८ सालचं चित्र, ६ फूट उंच, १० फूट रुंद. नुसत्या आकड्यांनी काय कळणार, म्हणून आम्ही दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो.

एरवी मी शिखरांपासून सुरुवात करते. त्या दिवशी पाण्यापासून केली. निवांत तळं. काठावर हरणं. पलीकडे कड्यावरून कोसळणारं पाणी. मग बर्फ, मग ढग.

"शिखरं कशी आहेत?"

"टोकदार. सुळक्यांसारखी."

ते थबकले. तरुणपणी पाठीवर तंबू घेऊन सिएराच्या डोंगरांत खूप हिंडलेले. हवेत तळहात फिरवत म्हणाले, "तिथला ग्रॅनाइट असा गोलसर लागतो हाताला. हे काहीतरी वेगळंच आहे."

बरोबर होतं त्यांचं. बिअरस्टाट १८६३ मध्ये सिएरातल्या योसेमिटी दरीत राहून स्केचेस करून आला होता, पण हे चित्र त्याने रोमच्या स्टुडिओत रंगवलं. अमेरिकेआधी ते बर्लिन आणि लंडनच्या लोकांनी पाहिलं. टोकदार शिखरांचे आल्प्सही त्याने पाहिलेले होते. नकाशात बोट ठेवता येईल अशी ही जागा नाहीच. हे सांगताना मी जरा चाचरले, वाटलं, हिरमुसतील.

ते म्हणाले, "माझी सिएराही आता अशीच आहे. आठवेल तशी जुळवलेली."

मग विचारलं, "माणसं कुठे आहेत?"

एकही नाही. इतकं थेट मला कुणी विचारलं नव्हतं. योसेमिटीच्या दरीत 'अहवाहनीची' नावाचे मूळनिवासी लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकून लावलं. चित्र त्यानंतर १७ वर्षांनी झालं, आणि त्यात सिएरा अशी दिसते जणू तिथे कधी चूलच पेटली नव्हती. मला हे चित्र अतिशय आवडतं आणि ही गोष्ट तितकीच टोचते. दोन्ही मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आता उजेड सांग."

इथे मी अडले. इंग्रजीत सुचणारे सगळे शब्द बॅटरीच्या झोतासारखे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आषाढातला ताम्हिणी घाट आला: सकाळपासून कोंदलेलं आभाळ जरासं फाटतं आणि एकाच उतारावर ऊन पडतं. तोंडून मराठीच निघालं, "तिरीप."

अर्थ विचारला, तेव्हा सांगितलं, फटीतून आलेलं ऊन. अंगावर पडलं, तर तेवढीच जागा उबदार होते.

"ती... तिरीप. चित्रात कुठे पडली आहे?"

मी त्यांना दोन पावलं सरकवून बरोबर त्यासमोर उभं केलं. त्यांनी माझं कोपर सोडलं, काठी दोन्ही हातांत धरली आणि चेहरा किंचित वर केला.