युकॉन नदी: व्हाइटहॉर्स ते डॉसन, कनूतून

डॉसन दोन दिवसांवर राहिलं असताना कनूचा तळ बोलायला लागला. फोडणी विझत आल्यावर कढई चरचरते तसा बारीक आवाज, सतत. डावीकडून व्हाइट नदी येऊन मिळाली होती. तिने आणलेला हिमनद्यांचा गाळ आणि जुन्या ज्वालामुखीची राख तळाला घासत चालली होती. वल्हं बुडवलं की पातं दिसेनासं.

युकॉन ३,००० किलोमीटरहून लांब, अलास्कातून जाऊन बेरिंग समुद्राला मिळते. आम्ही दोघा भावांनी त्यातला कॅनडातला ७१५ किलोमीटरचा टप्पा सोळा दिवसांत केला.

खरी परीक्षा सुरुवातीलाच, लबार्ज तलावात. सुमारे ५० किलोमीटर लांब, प्रवाह जवळजवळ नाही आणि वारा उठला की लाटा थेट कनूत. पाणी इतकं गार की उलटलात तर हातपाय लगेच आखडतात. पहाटे निघा, काठ सोडू नका. (जूनमध्ये अंधार पडतच नाही, तेव्हा पहाट कधी हे आपणच ठरवायचं.) आम्ही शहाणपणा करून एक खाडी सरळ कापली आणि नंतर तासभर एकमेकांशी बोललो नाही.

तलावापुढचा ‘थर्टीमाइल’ हा नदीचा पट्टा मात्र हिरवा, नितळ, वेगवान. तिथे वल्हं मांडीवर ठेवून नुसतं बघावं. टेस्लिन नदी मिळाली की ती नितळाई गेली.

शिधा वाटेतल्या कारमॅक्स गावात भरून घ्या, पुढे डॉसनपर्यंत दुकान नाही. तिथून पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स, म्हणजे खळाळ: चार खडकांनी नदीचे पाच फाटे केलेत. उजवाच फाटा धरायचा, त्यासाठी बऱ्याच आधीपासून उजव्या काठाला लागा. दोन-चार लाटा अंगावर येतात, संपलं.

मुक्कामाला बेटांवरची गोट्यांची पुळण उत्तम. वाऱ्यामुळे डास कमी. अस्वलं पोहतात, म्हणून अन्न तंबूत नको. पाणी रात्रीतून चढतं, कनू उंच ओढून बांधा.

काठावरचे मासे सुकवायचे मांडव ओस दिसले. किंग सॅमन इतके घटलेत की २०२४ साली अलास्का आणि कॅनडाने त्यांची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं.

व्हाइटनंतर आमचा फिल्टर पहिल्याच दिवशी तुंबला. बादलीत रात्रभर निवळत ठेवलेल्या पाण्याखाली सकाळी राखाडी साय बसली होती. पिण्याचं पाणी आधीच भरा, नाहीतर कडेच्या ओढ्यांचं उकळून घ्या.

शेवटी डोंगरावर दरड कोसळल्याचा मोठा पांढुरका व्रण दिसला की उजवीकडे सरका. डॉसन उजव्या काठावर आहे आणि प्रवाह थांबायला वेळ देत नाही.