तळाच्या बाटलीत साका पांढराच राहिला

डीओचं, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं, प्रॅक्टिकल म्हटलं की मुलं आधीच कंटाळलेली असतात, नळाचं पाणी घ्या, साका (रसायनं घातल्यावर तळाशी बसणारा गाळ) आणा, अ‍ॅसिड घाला, हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून मोजणं, रीडिंग सात-साडेसात, जर्नलवर सही, सुटले. म्हणून त्या दिवशी म्हटलं चला तळ्यावर, तेही भर दुपारी, पाणी शेवाळाने हिरवंगार असताना. दोन बाटल्या वरच्या पाण्याने भरल्या आणि दोन सॅम्पलर सोडून तळाच्या, आत बुडबुडा राहू न देता. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड तिथेच काठावर घातलं. लॅबमध्ये गेल्यावर घालू म्हणणाऱ्यांचं मी ऐकतच नाही, तोवर पाण्यातले जीव ऑक्सिजन खातात नाहीतर जास्तीचा असेल तो निसटतो.

वरच्या बाटल्यांत गडद तपकिरी साका आला, आणि तळाच्या दोन्हीत पांढरा.

लगेच कुजबुज, मॅडम रिएजंट खराब झालंय. अरे पण त्याच बाटलीतून वरच्या पाण्यात घातलंस ना आत्ता? मँगनीज हायड्रॉक्साइड मुळात पांढरंच असतं, ऑक्सिजन मिळाला की तपकिरी होतं. पांढरं राहिलं म्हणजे घ्यायला काही नव्हतंच. तळाच्या पाण्याला वासही सडक्या अंड्याचा होता, पण नाकावर कोण विश्वास ठेवतो!

एका पठ्ठ्याला काही पटेना. त्याने एक बाटली उघडून सगळं बीकरमध्ये ओतलं आणि हलवत बसला. आधी वरच्या थरावर फिकट बदामी सायीसारखी छटा आली, मग कडेने खाली उतरली, आणि बघता बघता सगळा साका तपकिरी. "मॅडम, आला ऑक्सिजन!" आला खरा, पण हवेतला. बूच का उघडायचं नाही हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्यापेक्षा त्या बीकरने जास्त शिकवलं हे मान्य करायलाच हवं.

लॅबमध्ये उरलेल्या तळाच्या बाटलीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलं तर साका विरघळून पाणी नितळ, स्टार्च टाकलं तरी निळा रंग येईना. वरचं पाणी मात्र तपकिरी साक्याने मोकळ्या केलेल्या आयोडीनने गडद पिवळंजर्द, जितका ऑक्सिजन तितकं आयोडीन, आणि तेच हायपोने मोजायचं. 200 मिली सॅम्पल, हायपो 0.025 नॉर्मल, म्हणजे ब्युरेटचा एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, सोपा हिशोब. ब्युरेट आठ ओलांडून गेली, दहा ओलांडून गेली, बाराच्या आसपास फिकट पिवळं झाल्यावर स्टार्च घातलं, आणि निळा रंग गेला 12.6 ला.

आता पुढची गंमत. पाणी 30 अंश होतं आणि तक्त्यात त्या तापमानाला 7.5 च्या आसपास दिलंय, त्यामुळे एका मुलीने खोडरबर घेऊन 12.6 चं 7.6 केलं! तक्ता हवेशी समतोल साधलेल्या पाण्याचा असतो गं, इथे उन्हात शेवाळ पाण्यातच ऑक्सिजन सोडतंय, तो हवेत जायच्या आधी साठतो. आणि वरचं गरम पाणी हलकं, ते खाली मिसळतच नाही, तळाशी उजेड नाही आणि गाळ कुजतोय, मग तिथे शून्यच. खोडलेलं पुन्हा लिहायला लावलं, पेनने. तेवढ्यात तिनेच विचारलं, मग रात्री शेवाळही ऑक्सिजनच घेत असेल ना, पहाटे वरच्या पाण्यात किती उरत असेल? पुढचं सॅम्पलिंग सूर्योदयाआधी ठरलंय, आणि अर्धा वर्ग आत्ताच तिच्या नावाने बोटं मोडतोय.