यंत्राशी लांबलेल्या गप्पा

बोलक्या सहायकाला गजर लावायला सांगणे किंवा पावसाचा अंदाज विचारणे हा एका वाक्याचा मामला असतो. खरी गंमत बोलणे लांबले की सुरू होते, आणि तिथे यंत्राच्या हुशारीपेक्षा माणसाने निमूटपणे केलेली तडजोडच मला अधिक पाहण्यासारखी वाटते.

माणसे आपापसांत बोलताना एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो, असे दहा भाषांच्या २००९ मधील एका अभ्यासात दिसून आले. समोरच्याचे वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपण ते चालू असतानाच बांधतो, म्हणून हे जमते. सहायक मात्र बराच काळ केवळ शांततेची वाट पाहत आले. बोलणारा जरा थांबला की त्याचे बोलणे संपले, असे ते धरून चालत.

माझ्या आईचा स्वयंपाकघरातला संवाद याच थांब्यांवर अडखळत असे. "अगं, अळूवडीला ना…" एवढे म्हणून ती पाने पुसायला वळली, की अळूच्या पौष्टिकतेवर निरूपण सुरू. पुढे "आणि चिंच?" असे विचारले, तर चिंचेच्या झाडाची माहिती. हळूहळू तिने वाक्य आधी मनात जुळवून एका दमात म्हणायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी पदार्थाचे नाव पुन्हा घ्यायला: "अळूवडीत चिंचेचा कोळ किती घालायचा?" घरात एरवी असे पाठ्यपुस्तकी कोणी बोलत नाही. यंत्राला कळले नाही, तर ती आवाज चढवून अक्षरे सुटी सुटी करत असे. बहिऱ्या माणसाशी बोलताना आपण सगळेच तसे करतो म्हणा. पण नेहमीच्या बोलण्यावर घडवलेल्या यंत्राला ते ताणलेले उच्चार उलट अधिक अवघड जाऊ शकतात.

सलग गप्पा किती कठीण, हे ॲमेझॉनने २०१६ मध्ये विद्यापीठांसाठी जाहीर केलेल्या 'अलेक्सा प्राइझ' स्पर्धेतून दिसले. माणसाशी वीस मिनिटे सुसंगत आणि रंजक बोलेल असा सहायक घडवणे हे तिचे उद्दिष्ट होते. २०१७ चा विजेता, वॉशिंग्टन विद्यापीठाचा 'साउंडिंग बोर्ड', अंतिम फेरीत सरासरी दहा मिनिटांच्या थोडा पुढे गेला.

मे २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीने जीपीटी-४ओ हे आपले बोलणारे एआय मॉडेल सादर करताना ध्वनीला सरासरी ३२० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळतो असे सांगितले, आणि त्याचे बोलणे मध्येच तोडूनही दाखवले. आमच्या घरी आता जो सहायक आहे, त्यालाही असे अडवता येते. "पुरे गं, कळलं" म्हणताच तो थांबतो, याचे आईला भारी कौतुक. मात्र ऐकता ऐकता सवयीने दिलेला "हं… हं" हा हुंकारही त्याला कधी कधी टोकणे वाटतो आणि कृती अर्ध्यावर अडते. त्यामुळे साहित्याची यादी चालू असताना आई हल्ली अजिबात हुंकार देत नाही. वडिलांचे बोलणे मात्र ती अजूनही मध्येच तोडते.